सात टोपल्या कमी, तरी विजयी!

उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलशी काय देणेघेणे, असे कोणीही विचारील. आमच्याकडे गप्पा व्हायच्या त्या एकनाथ रंगमंदिरातल्या नाटकांच्या, नाहीतर नळाला पाणी कधी येणार याच्या. पण आमचे भाचेराव येथल्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकतात आणि हा खेळ खेळतात. त्यांनीच मोबाइलवर हा जुना सामना मला दाखवला.

तारीख 1 एप्रिल 1985, गाव केंटकीतले लेक्सिंग्टन. एका बाजूला गतविजेते जॉर्जटाऊन. साऱ्या हंगामात दोनच सामने हरलेले, मधोमध सात फुटी पॅट्रिक युइंग! दुसऱ्या बाजूला व्हिलानोव्हा. त्यांनी दहा सामने गमावलेले. त्यांतले दोन याच जॉर्जटाऊनकडून. सोळा संघांच्या आपल्या विभागात मानांकन आठवे.

त्या वेळी या स्पर्धेत चेंडू अमुक इतक्या सेकंदांत टोपलीकडे फेकलाच पाहिजे, असे बंधन नव्हते. प्रशिक्षक रॉली मॅसिमिनो यांच्या पोरांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला. चेंडू याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे. युइंगचे हात पोचणार नाहीत अशी जागा मिळेपर्यंत घाई म्हणून नाही. मैदानातून अवघ्या 28 फेकी आणि त्यांतल्या 22 टोपलीत! उत्तरार्धात तर दहापैकी नऊ. जॉर्जटाऊनने 29 टोपल्या केल्या, म्हणजे सात जास्त. पण फाऊलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकींवर व्हिलानोव्हाने 22 गुण घेतले, जॉर्जटाऊनला जेमतेम सहा मिळाले. हिशेब 66-64.

"मामा, हा रडीचा डाव आहे," भाचेराव म्हणाले. "घड्याळ असते तर यांची धडगत नव्हती." त्यात तथ्य नाही असे नाही. पुढच्याच हंगामात 45 सेकंदांचे घड्याळ आले.

"बेताच्या वाणसामानात दिवाळी साजरी करणाऱ्या बाईलाही मग रडीचा डावच म्हणा!" स्वयंपाकघरातून आवाज आला. करंज्यांचे सारण मोजून भरणे चालले होते; तेव्हा मी लगेच त्या पक्षाला जाऊन मिळालो. पण खरोखरच, थांबायची मुभा दोन्ही संघांना सारखीच होती. थांबून नेम साधणे, तेही समोर युइंग असताना, हे कोणत्या नियमाने त्यांना फुकट दिले?

इतक्या खालच्या मानांकनाच्या संघाने ही स्पर्धा 2025 पर्यंत पुन्हा जिंकलेली नाही. शेवटचे दोन सेकंद उरले तेव्हा चेंडू व्हिलानोव्हाच्या ड्वेन मॅक्लेनकडे आला. गडी जमिनीवर पडला, पण वेळ संपेपर्यंत त्याने चेंडू पोटाशी घट्ट धरून ठेवला.