दोष डायचा नव्हे, चामड्याचा

भेटवस्तूंचा हंगाम सरला की वाचकांच्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. पाकिटावर किंवा डायरीवर दाबलेले नाव काही महिन्यांत उथळ होते, गिऱ्हाईक माल परत करते आणि कारागीर डाय बनवणाऱ्याच्या नावाने खडे फोडतो. मग मॅग्नेशियमच्या ब्लॉकऐवजी पितळी डाय घ्या, प्रेसचा दाब वाढवा, असे सल्ले सुरू होतात. खर्च वाढतो, तक्रार मात्र तशीच राहते, कारण बहुतेक वेळा दोष चामड्याच्या कमावणीतच असतो. बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेले चामडे, म्हणजे व्हेज टॅन, पाणी पिते. ओलसर असताना दाबले की तंतू दबलेल्या जागीच वाळतात आणि ठसा टिकतो. क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे तंतू दाब सुटताच उसळतात. त्यावर गरम डायने उमटलेले नाव पुष्कळदा फक्त वरच्या फिनिशमध्ये असते. फिनिश झिजले की नावही गेले. उलट, व्हेज टॅन भिजवून त्यावर शंभर अंशांवर तापलेली डाय टेकवणारे महाभागही आपल्यातच आहेत. ओले व्हेज टॅन साधारण ७० ते ८५ अंशांनाच आकसू लागते. ठसा करपतो, कडा सुरकुततात. चामडे ओलसर तर डाय थंड, फॉइल मारायची तर चामडे कोरडे, एवढी शिस्त पाळायला नवे यंत्र लागत नाही.

सरकारी निविदांचा प्रकार याहून अजब. ‘अस्सल चामडे, बोधचिन्ह उठावदार’ एवढ्यावर मालाचे वर्णन संपते. अनामत, अनुभवाचे दाखले आणि प्रतिज्ञापत्रे मात्र पानोपानी. कमावणी कोणती, जाडी किती, चिन्हाची खोली किती, याबद्दल अवाक्षर नाही. काम सर्वांत कमी दराला जाते, म्हणजे बहुधा पीयूचा थर दिलेल्या क्रोम स्प्लिटला. पुढे माल गोदामात पोचल्यावर तोच विभाग ‘चिन्ह अस्पष्ट’ असा शेरा मारून बिल अडवतो. जे मागितलेच नव्हते ते मिळाले नाही म्हणून दंड! व्हेज टॅनचा भाव धरून दर भरणारा कारागीर तर पहिल्याच फेरीत बाद झालेला असतो.

गिऱ्हाइकाला मऊ, रंगीत आणि स्वस्त माल हवा असतो, तो क्रोममध्येच मिळतो, असा आक्षेप येईल. तो खराच आहे, आणि क्रोम वापरू नका असे आमचे म्हणणे नाही. मागे पुठ्ठा चिकटवून नर-मादी डायच्या जोडीने उठाव काढता येतो, फॉइल मारता येते, नाही तर धातूची पट्टी बसवता येते. पण साधा दाबलेला ठसा वर्षानुवर्षे टिकेल, असे तोंडी आश्वासन क्रोमवर देऊ नका. म्हशीच्या रवाळ दाण्यावर बारीक, नाजूक वळणाची अक्षरे घेऊ नका. तिथे अक्षर जाड आणि मोकळेच हवे. व्यापारी व्हेज टॅन म्हणतो एवढ्यावर विसंबूही नका. एक पट्टी उकळत्या पाण्यात टाका: व्हेज टॅन लगेच आकसून वळते, पक्के क्रोम फारसे हलत नाही. एवढीही तसदी न घेणाऱ्यांनी आम्हाला तक्रारीचे पत्र धाडू नये.

यापुढे बिलावर कमावणी, जाडी आणि ठशाची पद्धत लिहा. मंजूर नमुन्याचा एक तुकडा गिऱ्हाइकाची सही घेऊन आपल्याकडे ठेवा. आणि निविदापूर्व बैठकीला जाच. बिलावरच्या याच तीन बाबी अटींत घालाव्यात, असे तिथे लेखी द्या, पोच घ्या आणि तिची प्रत आम्हाला पाठवा. ज्या विभागांचे उत्तर येणार नाही, त्यांची यादी याच पानावर छापू.