मामंजींचा रेडिओ आणि नववीतील कन्या

सुप्याहून एका भगिनींचे पत्र आम्हांस आले आहे. घर एकत्र. दिवाणखान्यात कैलासवासी मामंजींचा व्हॉल्व्हचा रेडिओ कित्येक वर्षे मुका होऊन बसला आहे, आणि नववीतील कन्येने तो उघडून दुरुस्त करण्याचा हट्ट धरिला आहे. थोरले भाऊजी म्हणतात, वडिलांच्या आठवणीस हात लावू नये. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीने विजेशी खेळू नये. मुलीचे वडील दोहोंकडे मान डोलावितात. अशा स्थितीत काय करावे, असा भगिनींचा प्रश्न आहे.

सासूबाईंच्या म्हणण्यातील ‘मुलीच्या जातीने’ एवढे शब्द आम्ही वगळतो. वीज मुलगा-मुलगी पाहत नाही. बाकीचे म्हणणे मात्र अक्षरशः खरे आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रात दोनशे-अडीचशे व्होल्टचा दाब खेळत असतो. एसी-डीसी दोहोंवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांत तर आतील लोखंडी सांगाडाच घरच्या विजेस जोडलेला असू शकतो, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये विजेचा भार उरतो. शिवाय वर्षानुवर्षे पडून राहिलेले कंडेन्सर आतून बिघडतात; एकदम वीज दिल्यास ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती. म्हणून जाणते कारागीर प्रथम तारेचा एक दिवा मध्ये जोडून मगच यंत्रास वीज देतात. दिवा भगभगून जळतच राहिला, तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. सारांश, मामंजींचा रेडिओ हा पहिला धडा नव्हे, शेवटचा होय.

पहिला धडा सेलवर चालणाऱ्या जुन्या ट्रान्झिस्टरचा असावा. स्क्रू काढण्यापूर्वी मुलीने वही काढावी, आणि कोणती तार कोठे जाते ते रेखाटून ठेवावे. मग नुसत्या डोळ्यांनी पाहावे: सेलच्या पत्र्यांवरील हिरवट गंज, तुटलेली तार, सुटलेला डाख. पुष्कळ बिघाड येथेच सापडतात. न सापडल्यास पाठीमागून पुढे यावे. स्पीकरची एक तार सोडवून त्याच्या टोकांस दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. ‘टक्’ असा आवाज झाला तर स्पीकर जिवंत आहे. तार पुन्हा जोडून रेडिओ चालू करावा, आवाज वाढविण्याच्या बटणाच्या मधल्या टोकास स्क्रूड्रायव्हरचे पाते टेकवावे व पात्यास बोट लावावे. घरघर उमटली, तर तेथपासून स्पीकरपर्यंतचा भाग ठीक आहे आणि दोष एरियलच्या बाजूस आहे. न उमटल्यास उलट. एका स्पर्शाने अर्धे यंत्र संशयातून सुटते. (हा प्रयोग केवळ सेलवरच्या यंत्रावर करावा.) ज्याचा दोष सिद्ध झाला नाही तो भाग बदलू नये, हा या विद्येचा मुख्य नियम, घरातील तंट्यांतही तो पाळला गेल्यास आमची हरकत नाही.

यंत्र बोलू लागले आणि त्यात लघुलहरी असल्या, तर दिवसा ४२ मीटरच्या आसपास काटा फिरवून पाहावा. तेथे बदकांच्या कलकलाटासारखे आवाज आले, तर ते देशातील हौशी रेडिओवाल्यांचे संभाषण असण्याचा संभव आहे. त्यांच्या पद्धतीत मूळ वाहक लहर गाळलेली असते, म्हणून साध्या रेडिओवर शब्द कळत नाहीत. लघुलहरींचा दुसरा रेडिओ जवळ ठेवून त्याचा काटा सुमारे ४५५ किलोहर्ट्झ खाली आणला, तर त्याच्या आतील आंदोलक गाळलेल्या लहरीची उणीव भरून काढतो, आणि बदके माणसांप्रमाणे बोलू लागतात.

या जागेस इतिहासही आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द केले होते. तरीही २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालला, तो ४२·३४ मीटरवर. हिशेबाने ही लहर सुमारे ७·०८ मेगाहर्ट्झची, म्हणजे आज हौशी लोकांस मोकळ्या असलेल्या पट्ट्यातलीच. त्या कार्यातील उषा मेहता तेव्हा अवघ्या २२ वर्षांच्या होत्या. घरी बसून यंत्रे जोडण्याची विद्या ज्यांस येत होती, त्यांच्यामुळेच असे प्रक्षेपण शक्य झाले.

एकेकाळी रेडिओ ऐकण्यासही टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे; आता लागत नाही. मात्र स्वतः प्रक्षेपण करावयाचे तर सरकारी परीक्षा व परवाना आजही हवा, आणि ते योग्यच आहे. पारनेर तालुक्याची शीव ओलांडताच जुन्नर तालुक्यात खोडद व आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातील अत्यंत क्षीण रेडिओलहरी टिपीत असतात. बेजबाबदार प्रक्षेपकाने त्या बुजविणे म्हणजे शेजाऱ्याच्या कानाशी ढोल बडविणे होय.

आता थोरल्या भाऊजींविषयी. त्यांची भावना आम्हांस वंद्य आहे. परंतु पेटी बंद ठेवल्याने आतील कंडेन्सर व रबरी वेष्टनाच्या तारा जीर्ण होण्याचे थांबत नाहीत. कन्येचा ट्रान्झिस्टर बोलू लागला व वही भरली, म्हणजे जाणत्या कारागिरास घरी बोलवावे, आणि मामंजींची पेटी उघडण्याचा पहिला स्क्रू भाऊजींनीच काढावा. कन्येने शेजारी वही घेऊन बसावे. विजेचा प्लग कोणाच्या हाती राहील, एवढे मात्र आधी ठरवून घ्यावे. ते काम आम्ही सासूबाईंकडे सोपवू.