आखणीतला प्राण

डिस्ने कंपनीच्या चित्रकारांनी हाताने रेखाटलेला १९६७ सालचा ‘जंगल बुक’ २०१६ मध्ये त्याच कंपनीने नव्याने काढला. मोगली झालेला नील सेठी आणि थोडे नेपथ्य वगळता अरण्य व श्वापदे संगणकाने घडविलेली होती. केसन् केस खरा भासावा, हे कौशल्य निर्विवाद होय. परंतु जुना बल्लू रेषेच्या एका वळणाने हसे. खऱ्या अस्वलाचा मुखवटा चढताच ते हसू आकसले. रेषेचे हे सामर्थ्य रायगडला नवे नाही. जित्याशेजारच्या हमरापुरातील गणपतीच्या कारखान्यांत कोणी हुबेहूब हत्ती घडवीत नाही. डोळ्यांची आखणी होते आणि मूर्ती सजीव भासते. अस्सलपणाच्या हव्यासात कल्पनेचा बळी जाऊ नये. मुलांना नवा चित्रपट अवश्य दाखवावा. मात्र आधी जुना.