क्लचच्या पेडलचे गाऱ्हाणे

आमच्या दारातील मारुती ८०० आता एकोणीस वर्षांची झाली आहे. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपली तेव्हा परिवहन कार्यालयात रीतसर तपासणी करवून आणि पर्यावरण कर भरून तिचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण आम्ही करून घेतले. गेल्या पावसाळ्यात मात्र तिच्या क्लचचे पेडल इतके जड झाले की, स्वारगेटहून कात्रजपर्यंतच्या गर्दीतून घर गाठीपर्यंत डावी पोटरी भरून येऊ लागली. जवळच्या एका गॅरेजात गाडी नेली असता, कोणी बॉनेटही न उघडता, ‘प्लेट गेली आहे, पूर्ण सेट टाकावा लागेल; त्यापेक्षा भंगारात काढा,’ असा निकाल मिळाला. तो निकाल चुकीचा होता, आणि अशा चुकीपायी कितीतरी धडधाकट गाड्या अकाली निकालात निघत असतील, या चिंतेने हे लिहीत आहे.

१९८३ च्या डिसेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते जिची पहिली किल्ली एका नोकरदार गृहस्थाला मिळाली आणि २०१४ च्या जानेवारीत जिचे उत्पादन थांबले, त्या या गाडीने तीस वर्षांत मध्यमवर्गाला मोटार परवडते ही गोष्ट सिद्ध केली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन आणि हाताने टाकायचे गेअर, एवढाच तिचा संसार. तिच्या क्लचची रचनाही तितकीच सरळ आहे: पेडलच्या वरच्या टोकाला अडकवलेली पोलादी वायर बॉनेटखालून गेअरबॉक्सवरील तरफेला जाऊन मिळते; पेडल दाबले की तरफ ओढली जाते, आतले बेअरिंग प्रेशर प्लेटवर रेटले जाते, आणि फ्लायव्हीलला घट्ट बिलगून फिरणारी क्लचप्लेट तेवढ्यापुरती सुटी होते.

रचना इतकी उघड असल्यामुळे दोषाची लक्षणेही निरनिराळी ओळखता येतात. चढावर इंजिन रेस होते, पण गाडी ओढत नाही, तर प्लेट झिजली किंवा पेडलला मोकळी चाल उरली नाही असे समजावे. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स गेअर कुरकुरत पडतो, तर चाल फाजील झाली आहे आणि प्लेट पुरती सुटत नाही. पाय ठेवताच घरघर ऐकू येते, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. आणि पेडल महिनोन्‌महिने हळूहळू जड होत गेले असेल, तर सर्वांत आधी वायर पाहावी.

आमची गाडी अखेर साताऱ्याच्या एका वृद्ध मिस्त्रींनी पाहिली. त्यांनी तरफेजवळचा नट सैल करून वायर बाहेर ओढली आणि तिचे टोक माझ्या तळहातावर ठेवले. पोलादी तारांपैकी निम्म्याअधिक तुटून कुंच्याच्या केसांसारख्या पिंजारल्या होत्या, आणि उरलेल्या तारा गंजून आवरणात घासत होत्या. ‘साहेब, प्लेट शाबूत आहे. वायरच संपली होती. घाटात तुटली असती तर?’ एवढेच ते म्हणाले. अर्ध्या तासात नवी वायर पडली, चाल बेताची ठेवली गेली, आणि पेडल पूर्वीसारखे हलके झाले.

या प्रकरणातील दोष एका गॅरेजच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, आणि अडचणीच्या क्षणी त्यांचाच पाय दाबला जात असल्याने, प्लेट नेमकी कोठे पकड घेते याचा अनुभव शिकणाऱ्याच्या पायाला पुरेसा येतच नाही. मग आयुष्यभर आपण पेडलवर पाय टेकवून गाडी चालवतो, चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरतो, आणि जळक्या वासाने प्लेट आपली व्यथा कळवू लागली तरी गाडीच्या वयाला दोष देतो. ड्रायव्हिंग स्कूलनी पहिल्या दिवसाची पंधरा मिनिटे बॉनेट उघडून ही वायर आणि ही तरफ दाखवण्यासाठी राखून ठेवली, तर पुष्कळ नुकसान टळेल. गॅरेजवाल्यांनीही काढलेला भाग ग्राहकाच्या हाती देऊन, तो का बदलला हे दाखवून देण्याचा शिरस्ता पाळावा.

जुन्या गाडीच्या मालकांना माझी कळकळीची विनंती एवढीच आहे: पेडल जड लागू लागले, तर सेट बदलण्यास संमती देण्यापूर्वी वायर बाहेर काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.