बाळ चिडलंय की घाबरलंय?

जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री यांचा १९७६ सालचा एक प्रयोग मला भलताच आवडतो. नऊ महिन्यांच्या एका बाळाची व्हिडिओ टेप. बाळासमोर चार गोष्टी येतात: टेडी, बाहुली, कर्कश बझर आणि झाकण उघडलं की आतून टुणकन बाहुला उसळतो ती पेटी. पेटी पाहून बाळ बिथरतं, रडतं. टेप बघणारे २०४ जण. काहींना सांगितलं, हा मुलगा आहे. काहींना सांगितलं, ही मुलगी आहे. बाळ तेच, रडणं तेच. पण पेटीपाशी 'मुलगा' जास्त चिडलेला वाटला आणि 'मुलगी' जास्त घाबरलेली!

हसून सोडून देता आलं असतं. पण चिडलेल्याला आपण दटावतो आणि घाबरलेलीला कडेवर घेतो ना.

आता आमच्या धंद्याकडे वळू. चेहऱ्यावरून भावना ओळखणारं सॉफ्टवेअर शिकवायचं तर लेबल लावलेले फोटो लागतात. मुलांच्या चेहऱ्यांचा 'केफ' नावाचा एक संच २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २ ते ८ वर्षांची १५४ मुलं, ११९२ फोटो. १०० मोठ्या माणसांना ते ओळखायला दिले, तर सरासरी ६६ टक्के उत्तरं बरोबर आली. काम चोख आहे, संशोधकांना उपयोगीही आहे. पण इथे 'बरोबर' म्हणजे काय, ते बघा. कॅमेऱ्यासमोर मुलांना 'घाबरल्यासारखं तोंड कर' वगैरे सांगितलं होतं. म्हणजे 'भीती' असं लेबल लावलेल्या फोटोतलं पोर बहुधा मजेत होतं! अशा फोटोंवर शिकलेल्या प्रोग्रॅमची अ‍ॅक्युरसी ९५ टक्के आली, तरी तो मुलाच्या मनाशी जुळला असं होत नाही. तो लेबलांशी जुळला, बस्स.

आणि मुलांचे खरे, न ठरवलेले चेहरे घेतले तर लेबल लावणार कोण? आपणच. २०२० मध्ये अमेरिकेतल्या १७८ भावी शिक्षकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय मुलं रागावलेली नसतानाही गोऱ्या मुलांपेक्षा जास्त वेळा त्यांना रागावलेली वाटली. हीच नजर डेटात गेली की तिला 'ग्राउंड ट्रुथ' असं भारदस्त नाव मिळतं. (नावं ठेवण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.)

युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून शाळांमध्ये आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली. बरं केलं, असं मी तर म्हणेन. उद्या तुमच्या पिल्लाच्या शाळेने 'आज आपला पाल्य ७३ टक्के आनंदी होता' असा मेसेज पाठवला, तर फीचं विचारण्याआधी एवढं विचारा: कोणाच्या मते?

बाईंचाही अंदाज चुकतो, कबूल. पण बाईंना पोरगं सांगू तरी शकतं, "बाई, मी चिडलो नाहीये, मला शू लागलीये."