पगार वाढला, रेशन गेलं

ईदला होटगीला घरी गेलो की शेजारच्या खाला कागद घेऊन येतातच. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणजे मला सगळे सरकारी फॉर्म कळतात, असा त्यांचा समज. या वेळी कागद नव्हता, प्रश्न होता. "बेटा, दुकानवाला पोरीला महिन्याला 500 वाढवून देतोय. घेऊ दे की नको?"

मी हसलो. मग हिशेब केला.

प्राधान्य कुटुंबाच्या रेशनसाठी महाराष्ट्रात ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 44,000 रुपये आहे, शहरात 59,000. खालांच्या विड्या आणि पोरीचा पगार मिळून दाखल्यावर 40,000. वाढ धरली की 46,000. घरात पाच माणसं, माणशी 5 किलो, महिन्याला 25 किलो मोफत धान्य. तेच किलोला 35 रुपये धरून विकत आणलं तर वर्षाला 10,500. म्हणजे 6,000 कमवायचे आणि 10,500 घालवायचे. अशा घराला आळशी म्हणणाऱ्याने आधी हा गुणाकार करावा.

आता माझं बघा. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही. वर 10,000 मिळाले, तर कर त्या 10,000 पेक्षा जास्त घ्यायचा नाही, अशी सोय कायद्यातच आहे. मार्जिनल रिलीफ म्हणतात तिला. कमाई वाढल्यामुळे माणूस तोट्यात जाऊ नये, हे सरकारला पक्कं कळतं. फक्त महिन्याला लाख मिळवणाऱ्यापुरतं.

दिवसाला 150 रुपये मजुरी आणि वर्षात 300 दिवस काम धरलं तरी 45,000 होतात, तेही एकट्या माणसाचे. मग दाखले खोटे निघणार नाहीत तर काय? लाडकी बहीणचीही तीच गत: अडीच लाखांवर एक रुपया गेला की वर्षाचे 18,000 बंद.

राज्याचा इष्टांक 7 कोटींवर बांधलेला आहे, हे मान्य. पण तो 2011 च्या जनगणनेवरचा आहे, त्याची शिक्षा खालांना कशाला? मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा. आणि ती ओलांडणाऱ्याचं धान्य एकदम तोडू नका. यंदा माणशी 5 चे 4 किलो, पुढच्या वर्षी 3, असं उतरवत न्या. ई-पॉस मशीनला हे जड नाही, एवढं मी धंद्याने सांगू शकतो.

खालांना म्हणालो, वाढ घेऊ द्या. "आणि दाखल्यावर काय लिहायचं?" त्यांनी विचारलं. मी चहाचा कप उचलला.