नाव परक्याचे, सूर स्वतःचा

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या नावावरून ज्या देशाचे नाव पडले, त्या फिलिपीन्सच्या लोकांनी आपल्या नावाचा अभिमान कसा बाळगावा? हा वाद तिकडे जुनाच आहे. २०१९ साली त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष दुतेर्ते यांनी देशाचे नाव बदलून ‘महार्लिका’ ठेवावे, असा विचार बोलून दाखविला होता. गंमत अशी की, अस्सल देशी म्हणून पुढे केलेला हा शब्दही मूळ संस्कृत ‘महर्द्धिक’ असल्याचे भाषापंडित सांगतात. शिक्षकाला तर ते लोक ‘गुरो’ म्हणतात. तो शब्द कोठून गेला हे वाचकांना सांगावयास नकोच.

तात्पर्य, मूळ खणत गेले की निर्भेळ असे काही हाती लागत नाही. मग अभिमान धरायचा तो कशाचा? माझ्या मते, तो उगमाचा नव्हे, मेहनतीचा धरावा.

मनिलाजवळच्या लास पिन्यास येथील चर्चमधला ऑर्गन घ्या. दिएगो सेरा या स्पॅनिश पाद्र्याने तो १८१६ ते १८२४ या काळात घडविला. वाद्य युरोपचे, पण त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ नळ्या तिथल्या बांबूच्या! त्याला परका कोण म्हणेल? आपल्या पेटीची कथा तरी निराळी आहे काय? १९४० साली रेडिओने तिला परकी ठरवून बाहेर घातले. मैफलीतून मात्र तिला कोणी उठवू शकले नाही.

उलट, ज्याच्या देशीपणाविषयी कोणाला शंका नाही, त्याची स्थिती पाहा. लुझॉनच्या डोंगरातील इफुगाव लोक भातपेरणीला, कापणीला आणि मृताच्या जागरणाला ‘हुदहुद’ गातात. अशी दोनशेहून अधिक कथागीते असून, एकेक पुरे व्हायला दिवसच्या दिवस लागतात. गाण्याची धुरा बहुधा एखाद्या वृद्ध स्त्रीकडे असते. २००१ साली युनेस्कोने त्याचा गौरव केला. परंतु हाताने कापणी करणारेच कमी झाले, तर गौरवपत्र का गाणार आहे?

होसे मासेदा यांचे मला म्हणूनच मोल वाटते. पॅरिसला जाऊन पियानो शिकलेला हा कलावंत पुढे आपल्याच बेटांवर गावोगाव हिंडला आणि घंटांचे, बांबूच्या वाद्यांचे, वृद्धांच्या कंठातले संगीत ध्वनिमुद्रित करीत राहिला. पियानो टाकून दिल्याने नव्हे, कान देऊन बसल्याने तो आपल्या लोकांचा झाला.

परदेशातल्या एखाद्या स्पर्धेत फिलिपिनो रक्ताचा कोणी जिंकला की तिकडे अभिमानाची लाट उसळते. आनंद व्हावा, त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्याने टाळी वाजविल्यावर जागा होणारा अभिमान टाळीबरोबरच निजतो.

हे मी दूरच्या लोकांना उपदेश म्हणून लिहीत नाही. माझे वडील दरबारी गवई. त्यांच्या नावाने या शहरात आजही मला समारंभाला बोलावतात, शाल देतात, ‘केवढा वारसा!’ म्हणतात. त्यांच्या चिजा घ्यायला मात्र माझ्या वर्गात चौघेजण येतात. शाल देणाऱ्यांपैकी एकाचेही मूल त्यांत नाही.

वारसा घराण्याच्या पाटीत नसतो. तो एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात उतरला तर राहतो, नाहीतर जातो. मग ते लुझॉन असो की आपले शहर.